आसरांचा भाऊ

सुगंधाच्या हसण्याने अख्खी देवबाग हैराण होती. ती हसायला लागली की खाडीपलीकडची माणसं होडी थांबवून विचारत, तिकडे काय झालं रे? तिच्या आईने, काशीबाईने, देवाला कौल लावून पाहिला, अंगारा लावून पाहिला, दोन धपाटेही घालून पाहिले; पण हसणं काही आटलं नाही. त्यापायी लग्नही राहिलं. बघायला आलेल्या एका कारकुनाने बशीतला चहा असा काही फुर्रकन ओढला, की आतल्या खोलीतून हिचं हसू उसळून बाहेर आलं, आणि कारकून उरलेला चहा तसाच टाकून मालवणची होडी धरायला निघाला. आता सुगंधाला अठ्ठावीस उलटली होती आणि स्थळं यायची बंद झाली होती. तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं, हे मात्र लोकांना खपत नसे.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट. देवबागेला रस्ता नव्हता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांच्या आधाराने बसलेलं गाव. मायलेकी सुंभ वळून पोट भरत. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे, महिनोन्‌महिने कुजू द्यायची, मग काढून दांडक्याने कुटायची आणि निघेल त्या काथ्याचं सुंभ वळायचं. कुजलेल्या सोडणांची घाण अशी असते, की सांगणाऱ्यानेसुद्धा नाक धरून सांगावं. म्हणून सुगंधा हे काम भर दुपारी करी, कारण तेव्हा खाडीवर चिटपाखरू नसे. आणि चिटपाखरू नसे ते आसरांच्या भीतीने. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. दुपारच्या वेळी वर येतात आणि मनात भरेल त्या माणसाला ओढून नेतात, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक.

"ह्या घाणीत आसराय येवच्यो नाय," सुगंधा म्हणायची.

ते खरं ठरलं. आसरा आल्या नाहीत. त्यांचा भाऊ आला.

"ही घाण तुझी?"

सुगंधाने मान वर केली. खाडीत, जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे, एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा असल्यासारखा उभा होता. केस ओले होते पण त्यातून थेंब गळत नव्हता. देखणा तर इतका, की सुगंधाला वाटलं, हा बघायला आला असता तर आपण नक्कीच हसलो नसतो. पण ती कोकणातली मुलगी. तिने आधी त्याचे पाय पाहिले. पाणी नितळ होतं. पाय सुलटे होते. फक्त ते तळाला टेकलेले नव्हते.

"माझी कित्याक?" ती म्हणाली. "सोडणांची."

"आमच्या घरात येता ती. बहिणींनी जेवाण सोडल्यानी. नाव काय तुझा?"

"सुगंधा."

तो माणूस गोंधळला. त्याने एकदा कुजक्या सोडणांच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा तिच्या चिखलाने माखलेल्या कोपरांकडे. "सुगंधा?" तो म्हणाला. "आणि ह्यो वास?"

झालं. तिचं हसू जे सुटलं, ते पलीकडच्या काठाला आपटून परत आलं. बगळे उडाले, एक खेकडा बिळात गेला. तो माणूस मात्र हलला नाही. डोळे मिटून, मान कलती करून, देवळात उभं राहून भजन ऐकावं तसा ऐकत राहिला. तिचं हसणं असं कोणी ऐकलंच नव्हतं आजवर. आपण कोणाशी बोलतोय हे सुगंधाच्या तेव्हा ध्यानात आलं, पण त्याआधीच तिला तो आवडून चुकला होता. आता भिऊन काय उपयोग?

इतक्यात माडांमधून काशीबाईची हाक आली, "सुगंधा गो! पेज निवली!"

सुगंधाने टोपली डोक्यावर घेतली. "बरा, येतंय हां," ती म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्याच जागी उभा होता. खांद्यावर शेवाळ बसलं होतं आणि चेहरा रागाने काळवंडला होता.

"खोटारडी!" तो ओरडला. "येतंय म्हणालंस आणि गेलंस! मी कालपासून हंयच उभो आसंय. भरती इली, ओहोटी झाली, बहिणी हाका मारून दमल्यो. मी तेंका सांगतंय, थांबा, ती येतंय म्हणाली आसा!"

सुगंधाने तोंडावर हात धरला. "अरे मेल्या, जाताना आमी येतंयच म्हणतों."

"मी मेलंय नाय. मराचोय नाय. आणि जाताना येतंय कित्याक?"

"जातंय म्हणूचा नसता. अभद्र ता. जातंय म्हटला म्हणजे माणूस परत येवचो नाय."

"मगे ज्येका जावचाच आसा, तो काय म्हणता?"

"तोय येतंय म्हणता."

"आणि समोरचो?"

"समोरचो म्हणता, ये हां. आणि दोगांक कळता."

त्याने यावर बराच विचार केला. मग त्याचा राग कुठल्या कुठे पळाला आणि चेहरा उजळला. अख्खं गाव दिवसभर उलटं बोलतं आणि कोणी फसत नाही, ही त्याला मोठी गंमत वाटली. पाण्यात असं चालत नाही, त्याने सांगितलं. तिथे तोंडातून निघालं ते व्हावंच लागतं, आणि खोटं बोलायला गेलं की गळाच बंद होतो. बघ, म्हणाला, आणि पाण्यात मागे सरकत सरकत "येतंय" म्हणू लागला. शब्द काही निघेना. तोंड उघडं, डोळे वटारलेले, चेहरा जांभळा. सुगंधा घाबरून ओरडली, "पुरे रे, पुरे!" तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. "जातंय," तो सरळ म्हणाला आणि बुडी मारली.

मग रोजचंच झालं. ती निघताना "येतंय हां" म्हणायची, आणि खरंच दुसऱ्या दिवशी यायची. तो "जातंय" म्हणायचा आणि तोही यायचा, पण दर वेळी तिला ते ऐकवत नसे. कानावर हात ठेवून ती पाठमोरी उभी राही. त्याला नाव नव्हतं. बहिणी नुसतं "भावा" म्हणत, ही "मेल्या" म्हणे, आणि दर वेळी तो न चुकता सांगे की मी मेलेलो नाही. तो कुठूनसा गोड्या पाण्याचा झोत आणून सोडणं धुऊन देऊ लागला. काथ्या असा पांढरा निघू लागला, की काशीबाईने तो उजेडात धरून उलटापालटा करून पाहिला. घाण निम्म्याहून कमी झाली. मुलगी मात्र घरी आली तरी घरात नसे. भाकरी थापता थापता आपणच लाल व्हायची.

"गो, तुका झाला तरी काय?" काशीबाईने विचारलं.

"खंय काय?" सुगंधा म्हणाली. तिच्या गळ्याला खोटं बोलताना काही होत नसे, त्यामुळे ते निभावून गेलं.

वैशाखात एका दुपारी तो म्हणाला, "तुमच्या गावाच्या खालसून वाट आसा. ह्या पाण्यातसून त्या पाण्यात. बघतलंस?"

"आणि श्वास?"

"मी देतंय."

आणि त्याने दिला, ओठांनी ओठांना. एका श्वासाला एवढा वेळ लागत नाही हे दोघांनाही कळत होतं, पण कोणी तसं म्हटलं नाही. मग त्याने तिचा हात धरला आणि दोघं खाली गेली.

गावाखाली गाव असावं तसं ते होतं. वर वाळूचं छत, त्यातून माडांची मुळं खाली लोंबत होती, आणि प्रत्येक मुळाच्या टोकाला उजेडाचा एकेक थेंब लटकलेला. चंदेरी मासे त्या थेंबांना तोंड लावून पुढे जात होते. आणि आवाज! वरचं सगळं गाव ऐकू येत होतं. बाबली सुताराचा रंधा, शाळेतल्या पोरांचे पाढे, कोणाचं तरी तान्हं, कोणाची तरी उचकी. एका जागी धप धप असा आवाज होता. सुगंधाने तो तत्काळ ओळखला. तिच्या डोक्यावर, वाळूच्या पलीकडे, काशीबाई तांदूळ कांडत होती. सुगंधाला एकदम आईची माया आली. रोज आईशी उभा दावा मांडणारी ती, पण आई किती एकटी कांडते आहे हे तिला खालून ऐकू आलं.

"मी ल्हान होतंय तेव्हापासून हंय पडान ऐकतंय," तो म्हणाला. पाण्यातही त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. "सगळ्यांत मोठा तुझा हसणा. तेच्यासाठी वर इलंय."

"आणि घाण? घाणीपायी इलंस म्हणालंस ना?"

"घाण घरात येता म्हणालंय. घाणीपायी इलंय असा खंय म्हणालंय?"

खोटं बोलता न येणाऱ्या माणसाची ही लबाडी पाहून सुगंधाला राहवेना. ती हसली. पाण्याखाली, तोंड उघडून, पोट धरून हसली. बुडबुड्यांचा हा लोट उठला, मुळं हलली, थेंब विझले. त्याने तिला घट्ट धरून पुन्हा श्वास दिला, म्हणून वाचली. पण ते हसू दोन ठिकाणी जाऊन पोचलं. एक, सात बहिणींच्या घरी. आणि दुसरं, काशीबाईच्या विहिरीत.

रात्रीची पेज वाढून झाल्यावर काशीबाई म्हणाली, "आज आमची बाव हसली. तुझ्या आवाजात हसली." सुगंधाने खाली मान घातली. काशीबाईने फडताळातला खण काढला, नारळ काढला, हिरव्या बांगड्या काढल्या, आणि एकेक वस्तू सुपात मांडली. ती आसरांची ओटी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी खाडीवर गेल्या तेव्हा सोडणांच्या ढिगावर सात बायका बसल्या होत्या. हिरवी लुगडी, कोपरापर्यंत बांगड्या, केस मोकळे आणि ओले. अशा रूपवान, की बघणाऱ्याचं भान हरपावं. फक्त सहाजणींनी नाकाला पदर लावला होता. सातवी, सगळ्यांत मोठी, तशीच बसली होती. मागे खाडीच्या मध्यावर तो उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"रोज येतंय म्हणून जातंस," मोठी सुगंधाला म्हणाली. "पाण्यान सगळा ऐकला आसा. आता चल."

काशीबाई सूप घेऊन पुढे झाली. "बायांनो, माका ह्या एकच चेडू आसा."

"आये, शब्द तिचो आसा. आमी मागूक नाय गेलों." मोठीचं बोलणं कठोर नव्हतं. जे आहे ते ती सांगत होती.

"आमच्यात येतंय म्हणजे येतंय नाय!" सुगंधा म्हणाली. "आमच्यात येतंय म्हणजे जातंय!"

सहाजणी एकमेकींकडे बघून खुसखुसल्या. उलट्या तोंडाची माणसं, धाकटी म्हणाली. मोठी हसली नाही. ती तो शब्द मनात घोळवत असावी. मग म्हणाली, "तर सरळ म्हण. ह्या पाण्याक सांग, जातंय, आणि सुट. मगे तुझो आवाज पाण्यात येवचो नाय आणि तेचो तुका ऐकाक येवचो नाय. कधीच नाय. नायतर आमच्यावांगडा चल. दोगांतला एक."

सुगंधाने आईकडे पाहिलं. सुपातल्या बांगड्या किणकिणत होत्या. आपण गेलो तर ही म्हातारी एकटी कांडेल, एकटी सुंभ वळेल आणि विहिरीपाशी कान लावून बसेल. मग तिने पाण्याकडे पाहिलं. एक शब्द, तीन अक्षरं, आणि उद्यापासून दुपार म्हणजे नुसती दुपार. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आला. तिला धड म्हणवेना आणि धड गिळवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला हसू सोडून दुसरं काहीतरी आवरत नव्हतं.

"मी म्हणूचंय नाय," ती रडत ओरडली. "आणि येवचंयय नाय! माका आय व्हयी आणि तुमचो भावय व्हयो!"

"असा नसता गो," मोठी म्हणाली.

"नसता तर करा!"

कोणी काही करायच्या आत पाणी हललं. तो चालत येत होता. पोहत नव्हता, चालत होता. त्याचे पाय पहिल्यांदाच तळाला लागले होते आणि प्रत्येक पावलाला त्याचा तोल जात होता. गुडघ्याइतक्या पाण्यात येऊन तो थांबला. त्यापुढे बहिणींच्या हुकुमाशिवाय त्याला येता येत नव्हतं.

"ती येवची नाय," तो म्हणाला. "मी वर जातंय."

सहाजणींनी एकच आकांत केला. मोठीने हात वर केला तेव्हा गप्प झाल्या. "वर गेल्यार अंग वाळतला," ती म्हणाली. "केसाचा टोक ओला आसा, तवसर परत येवक जमतला. सगळा वाळला की तू तेंचो. जडपण येतला. भूक लागात. म्हातारो होशीत, आणि एक दिवस मरशीत."

"ठाऊक आसा."

धाकटी धावत पाण्यात गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "परत येतलंस मां?" तिने विचारलं. "परत येतंस तर जा. सांग."

नाही म्हणाला तर त्या त्याला सोडणार नव्हत्या, आणि हो म्हणायला गेला तर त्याचा गळा बंद होणार होता. तो जांभळा पडलेला सुगंधाने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने तोंड उघडलं. आवाज निघेना. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. "नको रे," सुगंधा पुटपुटली, "मरशीत." तो धाकटीकडे बघत नव्हता. तो मोठीकडे बघत होता, जिने त्याला वाढवलं होतं.

"येतंय हां, बाय," तो म्हणाला.

आवाज फाटलेला होता, पण शब्द निघाला. धाकटीने आनंदाने टाळी वाजवली. "येता! येता म्हणालो!" खोटं असतं तर गळा बंद झाला असता, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. सहाजणी डोळे पुसून हसायला लागल्या, आता काय, हा दोन दिवस भटकून येईल, एवढंच.

मोठी हसली नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरचं शेवाळ हाताने काढलं, लहान मुलाचा सदरा नीट करावा तसं.

"ये हां," ती म्हणाली.

आणि सहाजणींना पुढे घालून पाण्यात उतरली. बाकीच्या वळून वळून हात हलवत होत्या. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

तो वाळूवर आला आणि मटकन सोडणांवर बसला. अंगाचं वजन त्याला पेलवत नव्हतं. सुगंधा त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. हात कोमट व्हायला लागला होता. आनंदाने ओरडावं असं तिला वाटत होतं आणि ओरडवत नव्हतं.

"रोज वाट बघतली," तो म्हणाला. "धाकटी."

"मोठी सांगात तिका," सुगंधा म्हणाली. "आज नाय. पण सांगात."

त्यावर तो रडला, मोठ्याने, माणसांसारखा. काशीबाई आतापर्यंत सूप हातात घेऊन उभी होती. समोर नखशिखांत भिजलेला, कुडकुडणारा तरणा माणूस बसला आहे, एवढंच तिला आता दिसत होतं. तिने सूप खाली ठेवलं, कमरेचा पदर सोडला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून खसाखसा पुसायला घेतलं. "मेल्या, केस कित्याक ओले ठेवतंस? पडसा होतला," ती करवादली.

"आये, थांब! थांब जरा!" सुगंधाने आईचं मनगट धरलं. अजून त्याला परत जाता येत होतं, आणि हे त्याला विचारल्याशिवाय होता कामा नये असं तिला वाटलं.

त्याने सुगंधाचा हात हळूच बाजूला केला, मान आणखी खाली वाकवली, आणि काशीबाईने त्याच्या कानामागचं पाणीसुद्धा टिपून घेतलं.